इंचमास्तरांचा शिरीष

माझं झेरॉक्सचं दुकान रस्त्याच्या या बाजूला आणि इंचमास्तरांचा ओटा बरोबर समोर. मशीनमधून कागद बाहेर पडेपर्यंत समोर बघण्यावाचून मला दुसरा उद्योग नसतो. त्यामुळे त्या घरातलं मी जेवढं पाहिलंय तेवढं त्यांच्या सग्यासोयऱ्यांनीही पाहिलं नसेल. गल्लीतले लोक मला चोंबडी म्हणतात. म्हणोत बापडे. समोर घडतंय ते दिसू नये म्हणून मी काही डोळ्यांना पट्टी बांधून दुकानात बसत नाही.

इंचमास्तर पेशाने शिंपी. मूळ नाव टपालवाल्यालाच काय ते ठाऊक. शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा दोराभर जास्त झाली तरी हे अख्खी बाही उसवणार. एकदा ऐन लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या कोटाचा खांदा त्यांना वाकडा दिसला. तिकडे वऱ्हाड खोळंबलेलं आणि इकडे नवरामुलगा बनियनवर ओट्यावर बसलेला, असं मी या डोळ्यांनी पाहिलंय. कोट मात्र असा झाला की पोराच्या बापाने त्यांना शिव्याही दिल्या आणि पुढच्या महिन्यात स्वतःचं कापडही आणून टाकलं.

मास्तरांच्या उजव्या हाताला बुटक्या स्टुलावर त्यांची बायको बसायची. तिला सगळी गल्ली धाकटी म्हणते, कारण थोरली जाऊ शेजारच्या घरात राहते. काजं, बटणं, तुरपाई हे सगळं धाकटीकडे. मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलायचे आणि ते बोलणं जगात फक्त तिला कळायचं. ‘हं हं हुं’ असं काहीतरी यायचं, की ही म्हणायची, “निळा संपलाय. काळ्याने करू का?” दिवसभर दोघं अशी एकमेकांच्या कोपराला कोपर लावून काम करायची. मूल नव्हतं, आणि त्याबद्दल ती दोघं कधी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. ओटा हाच त्यांचा संसार होता.

मग एका उन्हाळ्यात धाकटीच्या हातापायांतलं बळ जायला लागलं. आधी सुई हातातून पडायची, मग पायरीवर पाय अडखळायला लागला. पुष्कळ तपासण्या झाल्या. आजार नसांचा निघाला, जन्माचा सोबती. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, “उकाड्यापासून जपा. अंग तापलं की असेल नसेल ती ताकद जाईल. थंडीत मात्र खुशाल उन्हात बसू द्या, बरंच वाटेल.” मास्तरांच्या ओट्यावर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी त्या पत्र्याखाली भाकरी भाजून निघाली असती. त्यामुळे उन्हाळा लागला की धाकटी मागच्या खोलीत पलंगावर आणि मास्तर पुढे मशीनवर. मागची खोली अंधारी आणि एवढी चिंचोळी की पलंग टाकल्यावर मशीन तर सोडाच, पाहुणाही अंग चोरूनच आत यायचा. मधल्या दारातून मास्तर हाक मारायचे, “ऐकतेस का?” आतून उत्तर येईपर्यंत मशीन थांबवून धरायचे.

मास्तर हातावर हात धरून बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी जाड कापडाचं छत शिवलं, कडेने दुहेरी शिलाई मारली, कोपऱ्यांना कड्या लावल्या. छत देखणं झालं होतं. वाऱ्याने ते दोन दिवसांत फाडलं, आणि फाडलं नव्हतं तेव्हाही पत्रा तापायचा तो तापतच होता. पत्र्यावर पोती टाकून झाली, चुना फासून झाला, पंखा लावून झाला. पंख्याने नुसत्या झळा फिरवल्या. शेवटी मास्तरांच्या डोक्यात झाड आलं. सबंध ओट्यावर, पत्र्यासकट, सावली धरील असं झाड.

रोपवाटिकेवाला माझ्याकडे झेरॉक्सला यायचा, म्हणून हा सगळा संवाद मला त्याच्या तोंडून ऐकायला मिळाला. त्याने मास्तरांना बारमाही हिरवी, चकचकीत पानांची, परदेशातून आलेली चार झाडं दाखवली. मास्तर म्हणाले, “पानं गाळणारं दाखवा.” तो म्हणाला, “मास्तर, लोक पैसे मोजून कचरा नेत नाहीत. पानगळीचं झाड रानात ठीक.” तेव्हा मास्तरांनी त्याला समजावलं की माणूस थंडीत कोट घालतो आणि उन्हाळ्यात काढतो, पण घराला उलटा कोट लागतो. उन्हाळ्यात घालायचा आणि थंडीत उतरवून ठेवायचा. धाकटीला थंडीतलं ऊन हवंच होतं. असा कोट शिवता येत नाही, म्हणून तो लावायचा. रोपवाटिकेवाल्याने डोकं खाजवत मागच्या बाजूला आपोआप उगवलेला हातभर शिरीष काढून दिला, आणि वर म्हणाला, “हा फुकट न्या. इथलाच आहे, माझं पाणी न पिताही वाढलाय.”

आता तो लावायचा कुठे? इथे मास्तरांमधला शिंपी जागा झाला. बेतल्याशिवाय कात्री लावायची नाही हा त्यांचा धर्म. उन्हाळ्यात शाळांच्या गणवेशांचा हंगाम, तेव्हा मान वर करायला फुरसत नसायची. थंडीत काम मंद. म्हणून त्यांनी थंडीतच माप काढलं. पडद्यांचे लांब बांबू एकाला एक बांधून त्यांनी ती काठी अंगणात इकडेतिकडे उभी करून पाहिली. दुपार कलताना तिची सावली ओट्यावर कुठे पडते ते कापडावर मारायच्या खडूने आखलं. काठी दोन पावलं सरकवली, पुन्हा आखलं. ओटाभर पांढऱ्या रेघा. वर पुढेमागे वाढेल म्हणून चहूबाजूंनी वाढीव ठेवलं, पोरांच्या विजारीला ठेवतात तसं. अखेर अंगणाच्या मावळतीकडच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या कडेला जागा ठरली. धाकटी उन्हात बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, “अहो, झाडाचं माप घेताय की सूर्याचं?” मास्तरांनी टाचण्यांतूनच काहीतरी उत्तर दिलं आणि ती खूप हसली.

झाड म्हणजे काही पी हळद अन् हो गोरी नव्हे. मास्तर सकाळी उठून आधी शिरिषाला पाणी घालायचे, मग स्वतः चहा घ्यायचे. खोडाला आधार बांधायला दोरी नाही वापरली, साल कापली जाईल म्हणून कापडाच्या मऊ काठांच्या पट्ट्या वापरल्या. एरवी मुका वाटणारा हा माणूस पाणी घालताना गुणगुणायचा. धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची आणि दोघं पाचदहा मिनिटं उगाच काहीबाही बोलायची. कालच्यापेक्षा एक पान जास्त आहे का, मुंग्या का चढताहेत, असलंच. तेवढी सकाळची वेळ सोडली तर उन्हाळाभर त्यांची भेट रात्रीच्या ताटावर.

आता थोरल्यांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उगवतीकडच्या शेजारच्या घरात मास्तरांचे थोरले भाऊ राहायचे. वडील गेल्यावर अंगणाची वाटणी निघाली, तेव्हा थोरले म्हणाले, “अंदाजे मधोमध घेऊ.” मास्तरांनी खिशातून टेप काढली. मोजणीत थोरल्यांचं कुंपण चार बोटं अलीकडे आलेलं निघालं आणि मास्तरांनी तिथल्या तिथे तसं सांगितलं. थोरले एवढंच बोलले, “भावाच्या अंगणाला टेप लावलीस!” त्यानंतर भिंत उभी राहिली, बरोबर इंचावर. थोरले काही वर्षांनी गेले. मास्तर मसणात मागच्या रांगेत उभे राहिले आणि कोणाशी न बोलता परत आले. वहिनी आणि दीर यांच्यात त्या दिवसापासून चकार शब्द नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते दोन्हीकडे लागू.

मात्र बोलल्याशिवाय भांडता येत नाही, आणि शिरीष वाढल्यावर भांडायला कारण मिळालं. थंडी सरता सरता हे झाड उघडंनागडं होतं. बारीक बारीक पानं भुरभुरत खाली येतात. मावळतीचा वारा ती उचलून थेट थोरल्यांच्या अंगणात नेऊन टाकायचा. मास्तरांच्या अंगणात मूठभर, थोरल्यांकडे घमेलंभर. मग फांद्यांवर नुसत्या वाळक्या, चपट्या शेंगा उरायच्या, आणि त्या दिवसरात्र खुळखुळायच्या. थोरल्या झाडू घेऊन भिंतीपाशी यायच्या आणि दिराकडे न बघता झाडाला झापायच्या.

“ए झाडा, तुझ्या मालकाला विचार, माझं अंगण म्हणजे काय उकिरडा आहे?”

मास्तर कात्री चालवत, वर न बघता म्हणायचे, “झाडा, सांग त्यांना, पानं गळायचीच. त्यासाठीच आणलंय तुला.”

“आणि त्या शेंगा? रात्रभर कानाशी कोणी खुळखुळा वाजवतंय! झाडा, मी काय पाळण्यात आहे?”

“झाडा, म्हणावं, कापूस देतो. कानात घाला.”

मी दुकानात हसून हसून लोळायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, त्याच्या अर्जात काही विनोदी आहे. गंमत म्हणजे थोरली आणि धाकटी या दोघी जावांचं मागच्या खिडकीतून उत्तम चालायचं. मास्तर दोरे-बटणं आणायला बाजारात गेले, की थोरल्या मागून येऊन खिडकीत उभ्या राहायच्या. कधी वाटीत काही गरम, कधी नुसत्या गप्पा. गल्लीला ठाऊक होतं. मास्तरांना त्या दोघींनी ताकास तूर लागू दिली नाही.

वर्षं जात राहिली. शिरीष पत्र्याच्या वर गेला, छत्रीसारखा पसरला. उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरवट फुलं यायची आणि गल्लीभर वास सुटायचा. सावली मात्र ओट्यावर येईना. मी समोर बसलेली, मला ती कुठे जाते ते स्पष्ट दिसत होतं. दुपार कलली की ती मास्तरांचं अंगण आडवं ओलांडून भिंतीवर चढायची, आणि पलीकडे उतरून थोरल्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. त्यांचा ओटा मास्तरांच्या ओट्यापेक्षा रस्त्याकडे पुढे आलेला, त्यामुळे तो पुरता तिच्याखाली सापडायचा. मी एकदा बोलले, कारण मला पोटात ठेवता येत नाही. “मास्तर, तुमची सावली माहेरी चालली की काय?” मास्तर तडकले. “झाड अजून मापाला आलेलं नाही. वाढीव ठेवलंय मी. थांबा जरा.” दरवर्षी हेच उत्तर. धाकटी आत पलंगावर, आणि हे बाहेर वाढीवाची वाट बघत.

शेवटी झाड भरलं. त्याहून ते काय वाढणार होतं? त्या उन्हाळ्यात एका दुपारी मास्तर मशीनवरून उठले. अंगणात जाऊन त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग सावलीच्या कडेकडेने चालत भिंतीपर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. थंडीत सूर्य खालून, ओट्याच्या समोरून तिरपा येतो. उन्हाळ्यात तो डोक्यावर चढतो आणि सरळ मावळतीला उतरतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि मास्तरांनाही कळत होतंच. पण जन्मभर त्यांनी ज्यांची मापं घेतली ती माणसं माप देताना गपचूप उभी राहिलेली. एकदा घेतलेलं माप पुढच्या ऋतूत सरकतं, हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. थंडीत आखलेल्या रेघांवर सावली दरवर्षी बरोबर पडत होती. फक्त तेव्हा झाडाला पान नसायचं.

भिंतीपलीकडे थोरल्या आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून गारव्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या. त्यांनाही काय घडलं ते कळलं, आणि जित्याची खोड जाणार कशी? त्या म्हणाल्या, “झाडा, मालकाला सांग हो, सावली फार झकास आहे.”

मास्तरांनी पाठ फिरवली. आत गेले. त्या दिवशी मशीन परत चाललं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी थोरल्यांना जाऊन दोन शब्द सुनावून आले. त्याही म्हणाल्या, “जीभच झडली असती तर बरं झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात लाकूडतोड्या हजर. मास्तर त्याला दाखवत होते, “बुंध्यापासून काढायचं. नवीन रोप मागे सरकवून लावणार, त्याला मोकळं ऊन पाहिजे.” त्यांनी म्हणे पहाटे उठून नवी जागा धरलीसुद्धा होती. या खेपेला उन्हाळ्याचं माप धरून, आदल्या दुपारी पाहिलेल्या सावलीवरून. लाकूडतोड्याने दोर खांद्यावर घेतला आणि पहिल्या फांदीला हात घातला. तेवढ्यात भिंतीवरून थोरल्यांचं डोकं वर आलं. त्यांनी झाडाकडे बघितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दिराकडे बघितलं.

“भावजी, त्याला खाली उतरवा.”

मास्तर गडबडले. तरी म्हणाले, “झाड माझ्या हद्दीत आहे.”

“असू दे. एवढी वर्षं पानं कोणी लोटली? एक दिवस तरी तुम्ही आलात का झाडू घेऊन? पानं माझी, शेंगा माझ्या, रात्रीची जागरणं माझी, आणि आता कुठे जरा सुख लागलं तर म्हणे हद्द!”

“वहिनी, मी तुमच्या सुखासाठी नव्हतं लावलं. जिच्यासाठी लावलं ती आत अंधारात पडलीय. सावली चुकीच्या जागी पडते, म्हणून तोडतोय. दुसरं लावीन.”

“मग ते मोठं होईपर्यंत मी काय करू?”

हे दारातून आलं. धाकटी चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. पाय थरथरत होते आणि घामाने कपाळ भिजलं होतं. मास्तर धावले. तिने त्यांना हाताने थोपवलं.

“नका धरू. बोलू द्या. मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं सावली कुठे जाणार ते. दाराला टेकून दुसरं काय बघणार मी?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही पाणी घालताना गुणगुणायचात. ते बंद झालं असतं.” तिला दम लागला होता, तरी ती थांबली नाही. “आता आणखी एक रोप लावाल, आणखी आठदहा वर्षं. तेवढी माझ्याकडे नाहीत. असली तरी मला ती त्या पलंगावर नको आहेत. अहो, सावली माझ्यासाठी लावलीत ना? की ओट्यासाठी?”

लाकूडतोड्या फांदीवर तसाच थांबला होता. रस्त्यावर मी, गल्लीतला इस्त्रीवाला आणि दोनचार रिकामटेकडे उभे. मास्तरांच्या तोंडात तेव्हा टाचण्या नव्हत्या, तरी एक अक्षर फुटेना.

धाकटी भिंतीकडे वळून म्हणाली, “जाऊबाई, दुपारी तुमच्याकडे येऊन बसू का?”

“विचारतेस काय, धाकटे? कधीची यायची होतीस.”

लाकूडतोड्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्याच दुपारी धाकटी पलीकडे गेली. त्या अंगणातून या अंगणात जायला वाट नाही, मास्तरांनी ठेवलीच नव्हती. रस्त्यावर येऊन वळसा घालावा लागतो. तिला खुर्चीत बसवलं, खुर्चीचे दोन पाय मी धरले, दोन मास्तरांनी. डोक्यावर छत्री धरायला इस्त्रीवाला. थोरल्यांच्या फाटकापाशी मास्तर थांबले आणि मला म्हणाले, “ताई, इथून पुढे तुम्ही न्या.” त्यांच्या जागी इस्त्रीवाल्याने खुर्ची धरली. मास्तर आपल्या पत्र्याखाली परत गेले.

आणि मग सुरू झाला तो तमाशा. पलीकडे गारव्यात दोघी जावा खिदळताहेत, अलीकडे पत्र्याखाली एकटे मास्तर घामाने निथळत मशीन मारताहेत. मधे हातभर जाडीची भिंत. मी म्हटलं, “मास्तर, अंगणात तरी बसा, झाडाखाली.” तर तिथे रस्त्याची धूळ आणि झळा, कापड घेऊन बसणार कसे? “मग तिकडे जा की.” यावर ते मशीनला तेल घालायला लागले. धाकटीचं हसणं ऐकू आलं की मशीन थांबायचं, आणि मग उगाच जोरात चालू व्हायचं. तिने तिकडून हाक मारली तर हे ‘हं’ म्हणायचे, पण उठायचे नाहीत. तिच्यासाठी इतकी वर्षं झाड वाढवलेला माणूस तिच्या शेजारी जाऊन बसायला तयार नव्हता. मला त्यांचा असा संताप यायचा की त्यांच्या अंगावर कागदांचं बंडल फेकावं.

तिढा सुटला तो टपालवाल्याच्या शर्टामुळे. मास्तरांनी शर्ट शिवला, टपालवाल्याने अंगात चढवला आणि तो तसाच हात पसरून उभा राहिला. मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या होत्या. इंचमास्तरांनी! टपालवाला भला माणूस, त्याने शर्ट काढून दिला. मास्तरांनी शर्ट हातात घेतला, बराच वेळ बघितला, घडी करून बाजूला ठेवला. मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. तोंड घामाने आणि आणखी कशाने तरी ओलं होतं.

“ताई, माझं चित्त थाऱ्यावर नाही. ती शेजारी नसली की मला... मशीन उचलायला हात लावता का?”

मी चालू झेरॉक्स सोडून गेले. वरचं मशीन मास्तरांनी पोटाशी धरलं, खालचा लोखंडी सांगाडा मी आणि इस्त्रीवाल्याने उचलला. थोरल्यांच्या फाटकाशी मास्तरांचा पाय पुन्हा अडला. थोरल्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दिराला आपादमस्तक न्याहाळलं.

“भावजी, मशीनचं तेल माझ्या फरशीवर सांडायचं नाही.”

“खाली कापड अंथरीन.”

“आणि चिंध्या रोजच्या रोज झाडायच्या.”

“झाडीन.” मशीन जड होतं, तरी ते तसेच उभे राहिले. “वहिनी, तेव्हा दादासमोर टेप काढली ते चुकलंच माझं.”

“चुकलंच,” थोरल्या म्हणाल्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. बाजूला सरून वाट दिली. “ठेवा खाली आता. कंबर मोडून घ्याल.”

मशीन धाकटीच्या डाव्या हाताला लागलं. दुपारचे तीन वाजले असतील. सावली सबंध ओट्यावर पडली होती आणि फरशी पायाला गार लागत होती. मास्तर बसले आणि आधी त्यांनी टपालवाल्याच्या बाह्या उसवायला घेतल्या. धाकटीने हात पुढे केला.

“मला द्या काहीतरी.”

मास्तर घुटमळले. मला दिसलं ते. तिची बोटं आता सुईभोवती नीट मिटत नव्हती, आणि हातातलं प्रत्येक कापड गिऱ्हाइकाचं होतं. त्यांनी गठ्ठा दोनदा चाळला. मग माझा कोट काढला, दुकानात शाईच्या भुकटीने कपडे खराब होतात म्हणून मी शिवायला टाकलेला, लांब, करडा. त्याची खालची तुरपाई बाकी होती. तो त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. सुईत दोरा ओवायला तिला फार वेळ लागला. दोरा चार वेळा हुकला, पाचव्यांदाही हुकला. मास्तरांनी हात पुढे केला नाही. मशीनही चालवलं नाही. ते नुसते शेजारी बसून राहिले.

त्या कोटाची तुरपाई कित्येक दुपारी चालली. मग एक दिवस मास्तर तो घेऊन माझ्या दुकानात आले. घडी उलगडून त्यांनी खालची कड आत दुमडून लपवायचा प्रयत्न केला, पण मी ती बाहेर काढलीच. टाके एक लांब, एक आखूड, काही तिरके धावलेले, मधेच एके ठिकाणी दोऱ्याचा गुंता. एखाद्या नव्या पोरीने असं काम केलं असतं तर मास्तरांनी कोट तिच्या अंगावर फेकला असता. मी तो अंगात घातला. सवयीने ते खाली वाकले आणि कड डोळ्यांजवळ धरून पाहू लागले. सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

“तिने केलीय,” ते म्हणाले. आवाज असा होता, जसा पोराने पहिलं पाऊल टाकल्यावर बापाचा असावा.

ते रस्ता ओलांडून स्वतःच्या घराकडे न जाता थोरल्यांच्या फाटकातून आत गेले. मी कोट तसाच अंगात ठेवला आणि मशीन सुरू केलं, कारण गिऱ्हाईक ताटकळलं होतं.